सिंकखालचं कपाट उघडायला सांगा

मागच्या वर्षी आम्ही भुसावळला फ्लॅट घेतला. नवरा रेल्वेत, मी घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. त्यामुळे हॉलला लागून असलेली खोली क्लासची आणि बाकी घर राहायचं. दोन्हीचं फर्निचर एकाच माणसाकडून करून घ्यायचं ठरवलं. जळगावच्या त्या इंटिरिअर डिझायनरने आमच्याकडून 4 लाख 32 हजार रुपये घेतले, काम अर्धवट टाकलं आणि फोन बंद केला. जे काम केलं, तेही एक उन्हाळा टिकलं नाही. आपल्याकडे दिवाळीच्या आधी घराघरात फर्निचरची कामं निघतात. अजून कुणाचा पैसा असा जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या भेटीत त्याने लॅपटॉपवर थ्री-डी व्ह्यू दाखवला. फिकट हिरवं किचन, खालून पट्टीचा उजेड, क्लासच्या खोलीत भिंतभर शेल्फ आणि मुलांसाठी लांब टेबल. ते बघून आम्ही दोघंही हरखलो. मग त्याने टेबलावर प्लायचा तुकडा ठेवला. त्यावर आयएसआयचा शिक्का होता आणि 710 आकडा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा नंबर. "ताई, हा मरीन प्लाय. पाण्यात उकळा, काही होणार नाही. तुम्ही निश्चिंत राहा." तुकडा खराच होता. कोटेशनमध्ये मात्र नुसतं 'प्लाय' एवढंच लिहिलेलं. कंपनी नाही, जाडी नाही, 710 तर नाहीच.

एकूण 5 लाख 40 हजार ठरले. सुरुवातीला 40 टक्के, माल आल्यावर 40 टक्के, उरलेले काम झाल्यावर. पहिला हप्ता बँकेतून दिला. दुसऱ्याच्या वेळी तो म्हणाला, रोख दिलेत तर बिल नको करायला, 18 टक्के जीएसटी वाचेल. दिवाळीचा खर्च समोर होता, आम्ही मान्य केलं. तेव्हा वाचले असं वाटलेले पैसे आज सगळ्यात महाग पडले आहेत, कारण त्या 2 लाख 16 हजारांची पावती माझ्याकडे नाही.

माल कसा आला तेही सांगते. पहिल्या दिवशी शिक्का असलेल्या प्लायच्या सहा पाट्या आल्या. त्या मी स्वतः बघितल्या, फोटोही काढले. मग तो म्हणाला, घरी कापलं तर धूळ होते, मशीनवर कटिंग चांगलं होतं. पाट्या टेम्पोत घालून जळगावच्या वर्कशॉपला गेल्या. परत आले ते तयार तुकडे. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट, कडांना पट्टी. आत काय आहे हे बघायला कुठे फटसुद्धा नव्हती.

मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला आणि आपल्याकडे सगळ्यांच्या घरी असतो तसा कूलर रात्रंदिवस सुरू. हवेत ओल, त्यात सिंकखाली पाइपचा एक थेंब गळायचा. सिंकखालच्या कपाटाची कड आधी हाताला फुगीर लागली. आठवड्याभरात पट्टी सुटली आणि आतून तपकिरी भुसा खाली पडू लागला. शेजारच्या खणात सासूबाईंनी केलेल्या बिबड्यांचा डबा होता. त्यावर त्या भुशाचा थर. डबा उघडून सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं.

अंमळनेरकडचे एक जुने सुतार बोलावले. त्यांनी दाराची बिजागरी खोलली. बिजागरीसाठी 35 मिलिमीटरचं गोल भोक पाडलेलं असतं, त्यात बॅटरी मारून मला बघायला लावलं. प्लाय असेल तर त्या भोकाच्या कडेला एकावर एक थर दिसतात. इथे नुसते चिकटवलेले बारीक कण होते. "ताई, हाऊ प्लाय नही, निस्ता भुसा शे," ते म्हणाले. सुटलेला एक तुकडा मी पातेल्यात उकळला. 710 चा प्लाय 72 तास उकळून तपासतात. हा अर्ध्या तासात हाताने मोडला.

मग मी मापंही काढली. वॉर्डरोब सात बाय आठ, म्हणजे 56 स्क्वेअर फूट. त्याच्या हिशेबात 84. दोन्ही बाजूंच्या फळ्या त्याने वेगळ्या धरल्या होत्या. 1,400 रुपयांच्या दराने फक्त तिथेच 39,200 जास्त. दर समोरच्या मापाचा की सगळ्या पृष्ठभागाचा, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यायला हवं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही लिहून घ्याच. सोबत प्लायचा ग्रेड, जाडी, लॅमिनेटची जाडी, बिजागरी आणि ड्रॉवर सरकतो त्या चॅनलची कंपनीही. कटिंग बाहेर होणार असेल तर घरातलं कुणीतरी तिथे उभं राहा. आणि बिजागरी बसवायच्या आधी त्या भोकांत एकदा बॅटरी माराच, दोन मिनिटांचं काम आहे.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात अर्जाची तयारी सुरू आहे. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. बँकेतला हप्ता, मोबाइलवरचे मेसेज, सहा पाट्यांचे फोटो आणि तो उकळलेला तुकडा, एवढं माझ्याकडे आहे. रोख रकमेसाठी मेसेजमधल्या त्याच्या "मिळाले ताई" या दोन शब्दांवर भिस्त आहे.

परवा माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्यांना नवीन घरासाठी कुणीतरी "आमचं भुसावळचं काम" म्हणून पाठवलेला. फिकट हिरवं किचन, सिंकवर उभी खिडकी, खिडकीबाहेर कडुनिंब. ते माझंच किचन आहे, हँडल बसायच्या आधी काढलेलं. तुम्हालाही तो फोटो कुणी दाखवला, तर त्याला म्हणा, सिंकखालचं कपाट उघडून दाखव.