फोनच्या गॅलरीतील चेहरा-ओळख: सहा महिन्यांनंतर

घरातील जुनी छायाचित्रे स्कॅन करून फोनच्या गॅलरीत भरल्यानंतर तिने व्यक्तीनुसार पाडलेले गट पाहून मी प्रथम थक्क झालो, कारण आजोबांचा विशीतील आणि सत्तरीतील चेहरा तिने अचूक एकत्र आणला होता. मात्र माझ्या दोन मावश्या तिच्या लेखी एकच व्यक्ती आहेत आणि कितीही दुरुस्ती केली तरी त्या पुन्हा एकाच गटात येऊन बसतात. आईला मात्र त्या पाठमोऱ्या असल्या तरी ओळखू येतात.

फरक येथेच आहे. मेंदूच्या खालच्या बाजूस चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देणारा एक भाग असतो, ज्याला मेंदू-संशोधक नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘फ्युझिफॉर्म फेस एरिया’ असे नाव दिले. मेंदू डोळे, नाक, ओठ सुटे न पाहता संपूर्ण चेहरा एकत्रित वाचतो, म्हणूनच उलटे धरलेले छायाचित्र ओळखणे आपल्याला इतके जड जाते. शिवाय ओळखीच्या माणसाबरोबर त्याचा आवाज, चाल आणि जिव्हाळाही जागा होतो. गॅलरीकडे केवळ चेहऱ्याची आकड्यांतील मापे आहेत.

ज्यांना दृष्टी उत्तम असूनही चेहरे ओळखता येत नाहीत, त्या ‘प्रोसोपॅग्नोशिया’ असलेल्यांना मात्र नावासह लावलेले हे गट खरोखर उपयोगी पडतील. पाचपैकी साडेतीन गुण; मावश्यांची छायाचित्रे मी आता हातानेच लावतो.