पोलो जीटी घ्यायची, पण टीडीआय की टीएसआय?

फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यातून शेवटची पोलो 2022 मध्ये बाहेर पडली, तरी जुन्या बाजारात तिची गिऱ्हाइकं काही कमी झालेली नाहीत. कारण साधं आहे. घरात दोन मुलं, अधूनमधून मागे आजी, महिन्याचा हप्ता आटोक्यात हवा आणि तरीही ताम्हिणी चढताना गाडीने मान टाकू नये, असं वाटणाऱ्या माणसाला आजही फार पर्याय नाहीत. नव्या हॅचबॅकमध्ये डिझेल म्हणजे जवळपास एकटी टाटाची अल्ट्रोझ. त्यामुळे पेट्रोल की डिझेल हा वाद खऱ्या अर्थाने जिवंत आहे तो सेकंडहँडमध्ये, आणि तिथेही पोलोच्या जीटी या दमदार आवृत्तीपाशी.

बिल्ला एकच, गाड्या दोन. दोन्ही 2013 मध्ये आल्या आणि ताकदही दोघींची सारखीच, 105 पीएस (अश्वशक्ती). जीटी टीएसआय म्हणजे 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल, 175 न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) आणि सात गिअरचा, दोन क्लचचा डीएसजी ऑटोमॅटिक. जीटी टीडीआय म्हणजे सुरुवातीला 1.6 आणि 2014 च्या बदलानंतर 1.5 लिटरचं डिझेल, 250 न्यूटन-मीटर आणि पाच गिअर हाताने टाकायचे. नंतरच्या टीडीआयमध्ये ताकद 110 पीएसवर गेली.

आता नीट बघा. टीएसआय मॅन्युअलमध्ये मिळत नव्हती आणि टीडीआय ऑटोमॅटिकमध्ये. म्हणजे लोक 'पेट्रोल की डिझेल' म्हणत डोकं खाजवतात, तेव्हा प्रत्यक्षात ते गिअरबॉक्स निवडत असतात. बहुतेकांच्या हे लक्षात येतं ते गाडी दारात उभी राहिल्यावर.

चालवायला दोघी अगदी वेगळ्या स्वभावाच्या. टीडीआय 1500 आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली झोपलेली असते. सिंहगड रोडवर दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना ती कंटाळवाणी, क्लच जड, आणि सकाळी थंड असताना आवाज ट्रॅक्टरच्या चुलतभावाचा. पण एकदा 1500 पार झालं की जी ओढ लागते, तिला तोड नाही. खंबाटकी चौथ्या गिअरमध्ये, चार माणसं आणि सामान घेऊन, खाली गिअर न टाकता चढते. पुढे ट्रक असेल तर नुसता पाय दाबायचा. टीएसआयचं सगळं उलट. इंजिन गुळगुळीत, शांत, वरच्या आरपीएमपर्यंत आनंदाने जाणारं. 0 ते 100 साठी कंपनीचा दावा 9.7 सेकंदांचा होता आणि तो चालवताना खरा वाटतो. डीएसजीचे गिअर इतक्या झटकन बदलतात की हाताने टाकणाऱ्याला लाज वाटावी. नाकही हलकं, त्यामुळे वळणात ती जास्त चपळ. वरंध्याला मौज हवी असेल तर टीएसआय, आणि नागपूरला एका दमात जायचं असेल तर टीडीआय, इतकं ते सरळ आहे.

मग अडचण कुठे? त्याच डीएसजीत. हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे. मोकळ्या रस्त्यावर तो राजा, पण हिंजवडीच्या रांगेत दर दहा फुटांवर थांबत-रांगत गेला की क्लच तापतात आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके देऊ लागते. त्याचं मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे गिअर बदलणारं इलेक्ट्रॉनिक आणि हायड्रॉलिक काळीज, जगभर बदनाम आहे. ते गेलं की खर्च हजारांत राहत नाही, लाखांत जातो. सगळ्यांचं जातं असं नाही. पण दहा वर्षांची टीएसआय घेताना हा खर्च कधीतरी आपल्या दारात येईल असं धरूनच किंमत बोलावी.

पैशाचा हिशेब आता मांडू. शहर आणि हायवे मिळून टीएसआय 12 च्या आसपास अ‍ॅव्हरेज देते, टीडीआय 17 च्या. पेट्रोल 104 आणि डिझेल 90 रुपये धरलं तर किलोमीटरमागे 8 रुपये 67 पैसे विरुद्ध 5 रुपये 30 पैसे. वर्षाला 8,000 किलोमीटर फिरणाऱ्याचे सत्तावीस हजारांच्या आत वाचतात, 20,000 फिरणाऱ्याचे सदुसष्ट हजार. आकडा दिसायला डिझेलच्या बाजूचा आहे आणि तो तसाच आहे, मी उगाच पेट्रोलची वकिली करणार नाही. फक्त त्यातून टायमिंग बेल्ट, इंजेक्टर, टर्बो आणि क्लच यांची तरतूद वजा करा. शिवाय डिझेलला छोट्या फेऱ्या मानवत नाहीत. शाळा तीन किलोमीटर, भाजी दोन किलोमीटर असं आयुष्य असेल तर इंजिन नीट तापतच नाही, धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा ईजीआर काजळीने भरतो आणि वाचवलेले पैसे मेकॅनिकला नेऊन द्यावे लागतात.

पेट्रोलवाल्यांची स्वतंत्र डोकेदुखी म्हणजे ई20. आपल्याच उसा-मक्याचं इथेनॉल आता 20 टक्के प्रमाणात पंपावर येतं, आणि या गाड्या त्या इंधनासाठी बनलेल्याच नव्हत्या. अ‍ॅव्हरेज थोडं घटणार हे गृहीत धरा, आणि इंधनाच्या रबरी नळ्या व सील तपासून घ्या.

मागच्या सीटबद्दल एवढंच की दोन्हीकडे ती सारखीच अडचणीची. गुडघ्यांना जागा कमी, तिसरा मोठा माणूस बसला की सगळे रुसतात. आजीला उतरायला त्रास होणार आहे, मग इंधन कोणतंही असो. सुरक्षिततेत मात्र फरक आहे. 2014 च्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार तारे मिळाले होते. दोन्ही जीटींत एअरबॅग आणि एबीएस आहेत, पण ईएसपी, म्हणजे निसरड्यावर गाडी ताब्यात ठेवणारी यंत्रणा, आणि चढावर गाडी मागे न सरकू देणारी यंत्रणा टीएसआयला मिळाली, टीडीआयला नाही. पावसाळ्यात आंबोली उतरणाऱ्या कुटुंबवत्सल माणसाने याचा विचार करावा. याची चर्चा कमी होते, हे मला नेहमी खटकतं.

कागदपत्रांत डिझेल जास्त तपासावं लागतं. दिल्ली-एनसीआरमध्ये 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या टीडीआय स्वस्तात इकडे येत राहिल्या. भाव मोहात पाडतो. पण दुसऱ्या राज्याची गाडी म्हणजे तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र (एनओसी), इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या फेऱ्या, तेव्हा एमएच पासिंगची गाडी दीड पट किमतीला दाखवली तरी शेवटी फार महाग पडत नाही. आणखी एक गोष्ट. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचण्यांत फसवणूक केल्याचं उघड झाल्यावर 2015 च्या डिसेंबरमध्ये भारतात 3,23,700 गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली होती, त्यात या डिझेल इंजिनांचाही समावेश होता. 2015 पर्यंतची टीडीआय घेत असाल तर ते काम झालंय का, हे सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पाहा.

या सगळ्यातून सुटायची एक वाट 2020 मध्ये निघाली. प्रदूषणाचे कडक बीएस6 नियम आले तसं डिझेल बंद झालं आणि 1.0 लिटरचं तीन सिलिंडरचं टीएसआय आलं. 110 पीएस, टॉर्क तोच 175, आणि ऑटोमॅटिकमध्ये डीएसजीऐवजी सहा गिअरचा साधा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक. तो डीएसजीइतका चपळ नाही, पण रांगेत हिसके देत नाही आणि झोपही उडवत नाही. मॅन्युअल हवी असेल तर जीटीचा बिल्ला विसरा आणि हायलाइन प्लस शोधा. अ‍ॅव्हरेज 14-15 च्या घरात.

वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या आत फिरत असाल तर मी डोळे मिटून हीच 1.0 घेईन, चार पैसे जास्त गेले तरी. पंधरा हजारांच्या वर आणि दर पंधरा दिवसांनी कोल्हापूर नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठायचं असेल तर 2016 नंतरची टीडीआय. जुनी 1.2 डीएसजी फक्त त्याने घ्यावी, ज्याला ती मनापासून आवडली आहे आणि ज्याच्या खात्यात दोन लाख बाजूला पडलेले आहेत.

बघायला सकाळी लवकर जा, आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. टीडीआय असेल तर थंड इंजिनचा धूर बघा आणि तिसऱ्या गिअरमध्ये एकदम पाय दाबून क्लच घसरतो का ते पाहा. डीएसजी असेल तर अर्धा तास गर्दीत फिरवा, मग चढावर उभी करून नुसता ब्रेक सोडा आणि ती कशी उचलते ते बघा.