नेटिव्ह ॲप म्हणून वेबसाइट विकली: २,५४,९०० रुपयांची फसवणूक

पुण्यातील एका कंपनीला मी अँड्रॉइड आणि आयफोन अशा दोन्हींसाठी नेटिव्ह, म्हणजे त्या त्या फोनसाठीच लिहिलेले ॲप बनवण्याचे २,५४,९०० रुपये दिले. त्या मोबदल्यात मला ॲपच्या चौकटीत बसवलेली एक साधी वेबसाइट मिळाली, आणि तीही आज माझ्या ताब्यात नाही. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण माझा तक्रार अर्ज प्रलंबित आहे आणि वकिलांनी तसे बजावले आहे. पण रक्कम, क्रम आणि युक्त्या जशाच्या तशा लिहीत आहे, कारण याच पद्धतीने किराणा दुकानदार, क्लासचालक आणि डबेवाले फसवले जात आहेत.

नाशिकमध्ये आमचा रतीबाच्या दुधाचा व्यवसाय आहे. पहाटे दूध टाकणारी मुले सोसायट्यांच्या तळघरांतून आणि जिन्यांतून फिरतात, आणि तिथे नेट मिळत नाही. कोणाचे दूध वाढवायचे, कोणाचा आज खाडा आहे, कोणाची मागची बाकी राहिली आहे, हे मुलांना जागेवर कळायला हवे आणि केलेली नोंद नेट आल्यावर आपोआप वर जायला हवी, एवढीच माझी मुख्य अट होती. ती मी पहिल्याच भेटीत सांगितली आणि नंतर ईमेलवरही लिहून दिली. त्यावर, याच कारणासाठी तुम्हाला वेब ॲप, म्हणजे ॲपसारखी वापरायची वेबसाइट, चालणार नाही, नेटिव्हच लागेल, असे त्यांनीच मला समजावले. दरपत्रकात अँड्रॉइडसाठी कॉटलिन आणि आयफोनसाठी स्विफ्ट, या नेटिव्ह ॲप लिहिण्याच्या भाषा, असे स्पष्ट लिहिले होते. दुसऱ्या दोघांनी मला ४,५०,००० आणि ६०,००० असे दर दिले होते. यांनी १,८०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,१२,४०० रुपये सांगितले. सर्वांत स्वस्त दराच्या मागे मी धावले नव्हते, हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे प्रत्येक कार्यालयात मला तेच ऐकवण्यात आले.

करारावर सही होताच ५० टक्के म्हणजे १,०६,२०० रुपये दिले. डेमोनंतर ३० टक्के, म्हणजे ६३,७२० रुपये द्यायचे होते, आणि माझा सगळा संताप त्या डेमोपाशी अडकून राहिला आहे. त्यांच्या कार्यालयात वायफायवर सगळे छान चालत होते. मी त्यांना म्हटले, आता नेट बंद करून दाखवा. त्यांच्या मुलाने फोन एरोप्लेन मोडवर टाकला, पुढची यादी उघडायला बोट लावले आणि पडद्यावर पांढरे पान आले. त्यावर इंग्रजीत ‘वेबपेज नॉट अव्हेलेबल’ असे लिहिलेले होते आणि खाली त्यांच्याच संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता होता. जे ॲप खरोखर फोनमध्ये बांधलेले असते, ते नेट गेल्यावर असे पान दाखवत नाही. ते पान ब्राउझरचे असते, आणि ॲपच्या आत ब्राउझर उघडलेला असल्याशिवाय ते दिसू शकत नाही. पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता. कंपनीचे प्रमुख तत्काळ म्हणाले, “मॅडम, हे टेस्ट सर्व्हरचे बिल्ड आहे, फोनमधला डेटाबेस आम्ही फायनल बिल्डलाच जोडतो.” हे इतक्या सहजपणे आणि इतक्या आत्मविश्वासाने सांगितले गेले की दूध विकणाऱ्या बाईने त्यावर काय प्रतिप्रश्न करायचा होता, हे मला कोणीतरी सांगावे. डॉक्टर औषधाचे नाव सांगतो तेव्हा आपण त्याच्याकडून रसायनशास्त्र मागत नाही. त्याच संध्याकाळी ६३,७२० रुपये त्यांच्या खात्यावर गेले.

ॲप प्ले स्टोअरवर दिसल्यावर उरलेले ४२,४८० रुपये दिले. त्याआधी ‘स्टोअर खाते आणि सर्व्हर’ या नावाखाली २४,००० रुपये वेगळे घेतले होते. प्ले स्टोअरवर विकासकाचे खाते उघडण्यासाठी गूगल एकदाच २५ डॉलर घेते आणि ॲपल वर्षाला ९९ डॉलर घेते, हे मला पुढे कळले. म्हणजे दोन्ही मिळून अकरा हजारांच्या आसपास, आणि तेही खाते माझ्या नावाने उघडले असते तर. प्रत्यक्षात ॲप त्यांच्याच जुन्या खात्यावर चढवले होते. त्यासाठी दिलेले कारण अर्धे खरे होते, म्हणून ते पटले. नवीन वैयक्तिक खात्याला ॲप प्रसिद्ध करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते आणि संस्थेच्या नावाने खाते हवे असेल तर डी-यू-एन-एस हा संस्थेचा ओळख क्रमांक लागतो, हे नियम खरेच आहेत. पण हा क्रमांक विनामूल्य मिळतो. थोडा वेळ लागला असता, एवढेच. तो वेळ वाचवतो असे सांगून त्यांनी मालकी स्वतःकडे ठेवली.

आयफोनचे प्रकरण याहून निर्लज्ज आहे. ॲपलने ॲप नाकारले. नियम क्रमांक ४.२ होता, ज्यात ॲप हे नुसते वेष्टन बदललेल्या वेबसाइटपेक्षा अधिक काही असले पाहिजे अशी अपेक्षा आहे. ते नकारपत्र मला दाखवलेच नाही. त्याऐवजी ‘पुनर्परीक्षण शुल्क’ म्हणून आणखी १८,५०० रुपये मागितले आणि मी ते दिले. ॲपल प्रत्येक परीक्षणाचे असे कोणतेही शुल्क घेत नाही. शेवटी आयफोनवाल्या गिऱ्हाइकांनी सफारीत आमचे पान उघडून ते होम स्क्रीनवर जोडावे आणि त्यालाच आयओएस ॲप समजावे, असे मला सांगण्यात आले.

पहिल्याच आठवड्यात मुले तळघरातून फोन करू लागली की यादी उघडत नाही. तक्रार केली की ‘पुढच्या अपडेटमध्ये’ हे एकच उत्तर यायचे. अखेर ओळखीच्या एका अभियंत्याने ॲपची फाइल उघडून पाहिली. आत कॉटलिनमध्ये लिहिलेला एकच पडदा होता, त्यात एक वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत वेबसाइट दाखवणारी खिडकी, आणि त्या वेबव्ह्यूला दिलेला एक पत्ता. फोनमधला डेटाबेस नव्हता, नेट नसताना नोंद साठवण्याची कसलीही सोय नव्हती. त्याने मला एक तपासणी शिकवली. ती कोणीही करू शकतो आणि तिला काही खर्च नाही. अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्स या विकासकांसाठीच्या सेटिंग्जमध्ये ‘शो लेआउट बाउंड्स’ सुरू करा आणि ॲप उघडा. नेटिव्ह ॲपमध्ये प्रत्येक बटणाभोवती आणि प्रत्येक ओळीभोवती रेषा दिसतात. वेबसाइट कोंबलेली असेल तर सगळ्या मजकुराभोवती मिळून एकच मोठी चौकट दिसते. माझ्या ॲपमध्ये एकच चौकट होती.

कोणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून लिहिते. वेब ॲप विकणे हा गुन्हा नाही. नीट बांधलेले प्रोग्रेसिव्ह वेब ॲप, म्हणजे फोनवर ॲपसारखी बसवता येणारी वेबसाइट, सर्व्हिस वर्कर नावाच्या, पाने फोनमध्ये साठवून ठेवणाऱ्या कोडच्या साहाय्याने नेट नसतानाही चालू शकते. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह या साधनांत एकाच कोडमधून दोन्ही फोनांसाठी चांगली ॲप होतात. यांपैकी काहीही प्रामाणिकपणे सांगून ६०,००० रुपयांत दिले असते तर मी आनंदाने घेतले असते. कागदावर कॉटलिन आणि स्विफ्ट लिहून, त्याचे पैसे वसूल करून, तयार साच्यातली वेबसाइट गळ्यात मारणे ही फसवणूकच आहे.

पैसे परत मागताच मालकीचा प्रश्न उघडा पडला. ॲप त्यांच्या खात्यावर होते, ॲपवर डिजिटल सही करण्याची किल्ली त्यांच्याकडे होती, आणि पॅकेजच्या नावात, म्हणजे स्टोअरमधल्या ॲपच्या ओळखीत, त्यांच्याच कंपनीचे नाव होते, जे एकदा प्रसिद्ध झाल्यावर बदलता येत नाही. ॲप एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर हलवण्याची सोय प्ले स्टोअरमध्येच आहे आणि तिला शुल्क नाही, तरी माझ्याकडे ६०,००० रुपये मागितले. मी नकार दिला, तर सर्व्हर बंद केला. गिऱ्हाइकांचे पत्ते, खाडे आणि बाकी सगळे त्या सर्व्हरवर होते. त्या महिन्याची बिले आम्ही मुलांच्या आठवणीवरून आणि जुन्या वह्यांवरून केली. वकील म्हणाले की कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार पैसे देऊन करून घेतलेला कोडसुद्धा लिहिणाऱ्याचाच राहतो, जोपर्यंत तो लेखी हस्तांतरित केलेला नाही. करारात ते वाक्य नव्हते. तुमच्या करारात नसेल तर सही करू नका.

आता अधिकाऱ्यांविषयी. हद्दीतील पोलीस ठाण्यात पहिले वाक्य ऐकले, “ताई, हा दिवाणी वाद आहे, वकील बघा.” मी दरपत्रक, ईमेल आणि अभियंत्याचा अहवाल पुढे ठेवला. कागद न उघडता मला सायबर पोलिसांकडे पाठवले. तिथे विचारले, ओटीपी दिला होता का, लिंकवर क्लिक केले होते का? नाही म्हटल्यावर हा सायबर गुन्हाच नाही, परत ठाण्यात जा, असे उत्तर मिळाले. ठाण्यात परत गेले तर कंपनी पुण्याची आहे, तिकडे तक्रार करा. पुण्याला गेले तर पैसे नाशिकहून गेले आहेत, तिकडेच करा. हेल्पलाइन १९३० ही पैसे नुकतेच गेले असतील तर ते वाटेत अडवण्यासाठी आहे. माझे पैसे महिन्यांपूर्वी गेले होते आणि मीच पाठवले होते. ग्राहक आयोगाबाबत पहिलीच शंका निघाली की तुम्ही व्यावसायिक कारणासाठी सेवा घेतली, म्हणून ग्राहकच नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात वेगळे धरले आहे, पण मी चार मुले कामाला ठेवली हाच माझ्याविरुद्धचा मुद्दा झाला. त्यांच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक मी पोर्टलवर तपासला, तर तो रद्द झालेला होता. माझ्याकडून ३२,४०० रुपये कराच्या नावाने घेतले गेले, तरी जीएसटी खात्याकडे केलेल्या तक्रारीची मला पोच मिळण्यापलीकडे काही झाले नाही. प्रत्येक टेबलावर एक प्रश्न मात्र हमखास विचारला गेला, की तुम्ही आधी चौकशी का केली नाही. फसवणाऱ्याला एकानेही फोन करून एक प्रश्न विचारला नाही. चोरी झालेल्या घरमालकाला कुलूप कोणत्या कंपनीचे होते हे विचारून परत पाठवण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याची चीड शब्दांत मावत नाही.

हद्दीचे कारण सांगून परत पाठवले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे तिथल्या तिथे सांगा. तरीही नकार मिळाला तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली वरिष्ठांना टपालाने लेखी अर्ज पाठवता येतो आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मी तसा अर्ज केला आहे. जीएसटी क्रमांक पहिला हप्ता देण्यापूर्वी तपासा, त्यासाठी लॉगिनही लागत नाही. दोन्ही स्टोअरची खाती स्वतःच्या नावाने काढा आणि विकासकाला त्यात मर्यादित अधिकारांचा सदस्य म्हणून घ्या. प्रत्येक हप्त्याआधी कोड तुमच्या स्वतःच्या, कोड साठवण्याच्या ऑनलाइन खात्यावर जमा झाला पाहिजे, झिप फाइलचे आश्वासन चालणार नाही. डेमो स्वतःच्या फोनवर घ्या, त्यांच्या वायफायवर घेऊ नका.

आणि ज्यांचे ॲप आजच दुसऱ्याच्या खात्यावर आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालू आहे, त्यांनी पैशांचा किंवा तक्रारीचा एक शब्दही काढण्यापूर्वी गिऱ्हाइकांची संपूर्ण यादी आणि बाकी एक्सेलमध्ये उतरवून घ्यावी. वाद सुरू झाल्यावर ती मिळत नाही.