बँकॉकहून एक दिवस: अयुथया की अम्फवा?

बँकॉकमध्ये तीन-चार दिवस असतील तर एक दिवस शहराबाहेर काढाच. माझं मत आधीच सांगते: एकच जागा जमणार असेल तर अयुथया.

१३५० मध्ये वसलेली ही सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. नाव आपल्या अयोध्येवरूनच आलंय. वाट महाथात या बौद्ध मंदिरात झाडाच्या मुळांनी कवटाळलेलं बुद्धाचं मस्तक आहे. डोळे अर्धवट मिटलेले, ओठांवर किंचित हसू, कानाला चिकटून एक जाड मूळ खाली उतरलेलं. तिथे फोटो काढताना खाली बसावं लागतं, आपलं डोकं बुद्धाच्या वर जाता कामा नये. आजूबाजूला मात्र बिनडोक्याच्या मूर्तींच्या रांगा. ते पाहून गलबलून येतं.

तिसऱ्या वर्गाची साधी रेल्वे अगदी स्वस्त, खिडक्या उघड्या. स्टेशनातून बाहेर पडून होडीने नदी ओलांडायची आणि पलीकडे सायकल भाड्याने घ्यायची. ऊन भाजून काढतं, म्हणून सकाळची पहिली गाडी पकडा.

अम्फवाचा तरंगता बाजार शुक्रवार ते रविवार, दुपारनंतर रंगतो. होडीतच कोळंबी भाजतात, अंधार पडला की काजवे बघायला बोटी निघतात. जवळच मे क्लाँगला रुळांवरची मंडई आहे, गाडी आली की ताडपत्र्या भराभर मागे ओढल्या जातात. मुलं सोबत असतील तर हेच निवडा. शाकाहारींनी ‘जे’ (शुद्ध शाकाहारी) हा थाई शब्द लक्षात ठेवावा, नाहीतर भाजीतही माशाचा सॉस येतो.