क्रोमोली फ्रेम: खाऱ्या वाटेवरचे चार पावसाळे

घर चोडणला, काम पणजीत. सकाळी फेरीबोटीने रायबंदर, तिथून खारफुटीच्या कडेने कॉजवेवरून पणजी. संध्याकाळी तीच वाट उलट. मांडवीचं पाणी इथे खारं, आणि धक्क्यावर उतरताना चाकं त्यातूनच जातात. २०२२ मध्ये क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलची, सायकल घेतली तेव्हा "गोव्यात स्टील? सडून जाईल" असं फेरीवरच्या काकांनीसुद्धा ऐकवलं.

त्याआधी सहा वर्षं ॲल्युमिनियमची होती. हलकी, धुतली की नवी. मग एकदा चढावर कट्-कट् वाजू लागलं. मेकॅनिकने पॅडलचं बेअरिंग बदललं, आवाज तसाच. रविवारी उलटी करून धुताना पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या उजव्या नळीवर, वेल्डिंगच्या अगदी कडेला, केसाएवढी काळी रेघ दिसली. फडक्याने पुसली, जाईना. नख फिरवलं, तर अडकलं. म्हापशातल्या वेल्डरने हात लावला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. ६०६१ या मिश्रधातूच्या ॲल्युमिनियमला ताकद येते ती भट्टीतल्या प्रक्रियेने. वेल्डिंगच्या आचेने ती जागा मऊ पडते. स्टीलची नळी तडकली तर पितळेने झाळून घेता येते.

दुसरं म्हणजे, ताण एका मर्यादेच्या खाली राहिला तर स्टील कितीही खड्डे खाऊन थकत नाही. ॲल्युमिनियममध्ये प्रत्येक दणका थोडा थोडा साठत जातो. म्हणून त्याच्या नळ्या जाडजूड करतात, आणि नीट बनवलेली फ्रेम वर्षानुवर्षं चालतेही. माझ्या कॅरिअरवर रोज दहा-बारा किलो ओझं असतं, हेही सांगायला हवं. कार्बन फायबरची फ्रेम गंजत नाही, पण आदळली तर तडकू शकते, आणि फेरीत स्कूटरच्या गर्दीत हँडलं आदळतात. तिथे मी ती नेणार नाही.

आता गंज. तो येतोच. क्रोमोलीत क्रोमियम जेमतेम १ टक्का, स्टेनलेसला साडेदहा तरी लागतं. कॅरिअरच्या दोरीने जिथे रंग घासला तिथे पहिल्याच जुलैत तांबडे ठिपके उठले. पॉलिश पेपर, प्रायमर, रंगाचा एक हात, संपलं. खरी काळजी आतली. दर मे महिन्यात सीटचा दांडा काढतो, सायकल उलटी टांगतो, नळ्यांत जवसाचं तेल सोडून दोन दिवस निथळू देतो. सुकलं की आत पातळ थर धरतो. पॅडलखालचं भोक तारेने मोकळं ठेवायचं. एका ऑगस्टमध्ये ते चिखलाने बुजलं होतं, टोचल्यावर अर्धा कप तांबूस पाणी बाहेर आलं.

पहिल्या वर्षी दांड्याला ग्रीस लावायचं राहून गेलं. दांडा ॲल्युमिनियमचा, नळी स्टीलची, मध्ये खारं पाणी. ऑक्टोबरपर्यंत दोन्ही एकमेकांना धरून बसले. तीन दिवस तेल सोडून, दोघांनी पिळून काढला तेव्हा पांढरी भुकटी गळत होती.

वजन १३ किलो. तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यायची असेल तर आधी उचलून बघा. वर्षातून दोन दिवस द्यायची तयारी नसेल तर ही घेऊ नका.

या दिवाळीनंतर दांडा हलकेच फिरवला, सरळ हातात आला. आत टॉर्च मारली: नळी पिवळसर, तेलकट, ठिपका नाही.