पेठेतला गाळा की नव्या सोसायटीतला?

पुण्यात पहिलं दुकान टाकणारे बहुतेक जण इथेच अडतात. जुन्या वाड्याखालचा पेठेतला गाळा घ्यावा, की उपनगरात नव्या सोसायटीच्या तळमजल्यावरचा?

समजा, दोन्हीकडे भाडं महिना 36,000. पेठेतला गाळा टेप लावून 180 चौरस फूट भरला. सोसायटीवाला 300 फूट सांगतो, पण ते सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लॉबीसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून. शटरच्या आत कार्पेट निघतं 200. म्हणजे चौरस फुटाला 120 रुपये वाटलेला दर प्रत्यक्षात 180 पडला, पेठेत 200. वर सोसायटीचा मेंटेनन्स. मालकाने जीएसटी लावला तर 18 टक्क्यांनी आणखी 6,480 रुपये, आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असाल तर त्याचं क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या कराची वजावटही, मिळत नाही.

गिऱ्हाईक पेठेत आयतं आहे, पण गाडी लावायला जागा नाही. सोसायटीत संध्याकाळी आठला उभं राहून किती फ्लॅटमध्ये दिवे लागतात ते मोजा. विकलेला फ्लॅट किराणा घेत नाही, राहता फ्लॅट घेतो.

माझा जीव सगळ्यात जास्त कागदांत अडकतो. पेठेत गाळा दाखवणारा स्वतःच पागडीचा (एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर वर्षानुवर्षं बसलेला) भाडेकरू असू शकतो, वाड्याला वारसही अनेक. मूळ मालकाची लेखी संमती नसेल तर पुढे जाऊ नका. वाडा पाडायला निघाला, तर लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याच्या करारावर) बसलेल्याला नव्या इमारतीत जागा मिळत नाही. फर्निचरचे पैसे गेले. सोसायटीत मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (इमारत वापरात आणायची परवानगी) मागा. नकाशावर तिथे दुकानच आहे ना? पार्किंग बंद करून काढलेला गाळा कितीही स्वस्त असला तरी नको. पोटमाळा मंजूर आहे का, हेही त्याच वेळी बघा.

वीजमीटर दोन्हीकडे व्यापारी हवा, डीप फ्रीज ठेवणार असाल तर मंजूर भारही पुरेसा हवा.

'नोटरी पुरते' असं दोन्हीकडचे मालक म्हणतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

किराणा, डेअरी, मेडिकल असेल तर मी सोसायटी निवडेन. साड्या किंवा भांडी असतील तर पेठ. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याची मुदत, मात्र दोघांनाही लागावा: मालकाने तीन वर्षं उठवायचं नाही, आणि तुम्हाला सहा महिन्यांनंतर नोटीस देऊन निघता यावं. हे करारात लिहून घेतल्यावरच टोकन द्या.