तुटलेलं डोअर पॅड: चिकटवायचं की वितळवून जोडायचं?

जुन्या गाडीचं डोअर पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं प्लास्टिकचं आवरण, ओढताना ‘कट्’ असा आवाज आला की काय तुटलं ते बघावंही लागत नाही. क्लिप शाबूत असते. ती ज्या प्लास्टिकच्या घरात अडकते, ते घर बुडापासून उपटलेलं असतं. मग इपॉक्सी हा गोंद लावायचा, की सोल्डरिंग आयर्नने वितळवून जोडायचं? माझ्या वीस वर्षांच्या हॅचबॅकच्या पुढच्या दोन दारांवर मी दोन्ही करून पाहिलंय, एकेका दारावर एकेक.

तिसरी वाट भंगारातून पॅड आणण्याची. कुर्ल्याला नशिबाने मिळूनही जातं, पण उन्हाने त्याचा रंग वेगळाच उडालेला असतो. शिवाय ज्याने ते काढलं त्यानेही हिसडूनच काढलेलं असतं, म्हणजे दोन घरं त्याचीही गेलेली. ती वाट मी सोडली.

काहीही करण्याआधी पॅड उलटं करून प्लास्टिकचा प्रकार सांगणारा शिक्का शोधा. एबीएस नावाचं प्लास्टिक असेल तर गोंदाची बाजू भक्कम आहे. त्याच प्लास्टिकचा चुरा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून लावला तरी तुकडे जवळजवळ एकजीव होतात. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल, तर ते गोंदाला जवळच करत नाही. शिक्का पुसट असेल तर ‘तुकडा पाण्यात तरंगला तर पीपी’ ही युक्ती सगळे सांगतात. पण पीपीत २० टक्के टाल्क, म्हणजे खनिजाची पूड, मिसळलेलं असलं (शिक्क्यावर टी२० असतं) तर तोही तुकडा बुडतो आणि आपण त्याला एबीएस समजून बसतो. मी बसलो होतो.

त्या भरवशावर डाव्या दाराची चारही घरं इपॉक्सीने बसवली. पॉलिश पेपरने घासलं, बारीक भोकं पाडली, २४ तास हात लावला नाही. काम इतकं नेटकं झालं की मी फोटो काढून ठेवले. उन्हाळाही निघाला. बंद गाडी उन्हात तापते तेव्हा साधं इपॉक्सी मऊ पडायला लागतं, हे गृहीत धरूनही ते टिकलं म्हणायचं. पावसाळ्यात त्याच दाराची काच खाली जाऊन अडकली, पॅड पुन्हा काढावं लागलं, आणि दोन घरं पोपडा निघावा तशी साफ निघाली. इपॉक्सीचा थर कुठे फुटला नव्हता, त्याने फक्त प्लास्टिक सोडलं होतं. एक घर हातात आलं, दुसरं दाराच्या पोटात पडलं.

माझा निर्णय झाला तो या पडलेल्या तुकड्यामुळे. प्रत्येक स्पीड ब्रेकरला ‘टक्’. सिग्नलला गाडी उभी असली की काही नाही; निघालं की वळणावर एकदा, खड्ड्यात दोनदा. शेजारी बसलेली आई दर वेळी विचारायची, “अरे, दारात काय वाजतंय?” गाणी मोठ्याने लावली तर ऐकू येत नसे, पण आता वाजलं असणार, हे मला माहीत असे. दार उघडून हात घातला की तुकडा अजून आत सरकायचा. महिन्याभराने लांब चिमट्याने निघाला.

उजव्या दाराला मी आयर्न लावलं. हे काम दिसायला ओबडधोबड होतं, आणि पहिला प्रयत्न तर मी जाळलाच. पीपी साधारण १६० अंशांना वितळतं. तापमान न आवरणाऱ्या आयर्नचं टोक त्याच्या दुपटीपर्यंत सहज जातं. धूर निघाला म्हणजे प्लास्टिक जळलं, तिथे जोर उरत नाही. तापमान कमी-जास्त करता येणारं आयर्न घ्या आणि खिडक्या उघड्या ठेवा. घराच्या बुडाशी मी चहाच्या जुन्या स्टीलच्या गाळणीची जाळी कापून, प्लास्टिक वितळवून त्यात दाबली, वरून डब्याच्या झाकणाच्या पट्ट्या भरल्या. झाकणावर त्रिकोणात ५ असेल तर ते पीपीच. केबल टाय भरू नका. ते नायलॉनचे असतात, पीपीत मिसळत नाहीत.

आयर्नचा धोकाही सांगतो. पॅड पातळ असेल तर उष्णता पुढच्या बाजूला उमटते. माझ्या पॅडवर रुपयाएवढा चकचकीत डाग आहे, कोन जुळला की दिसतो. त्यामुळे एसीच्या जाळीची नाजूक कड, एबीएसचं कन्सोल किंवा समोरून दिसणारी बारीक चीर असेल, तर कदाचित मीही गोंदच घेईन. पण मागून ओढ बसणाऱ्या, पुन्हा कधीतरी उघडाव्या लागणाऱ्या भागाला नाही. उजवं पॅड त्यानंतर तीनदा निघालंय. घरं जागेवर आहेत.

क्रमाचाही विचार करा. आयर्नचं काम फसलं तर वरून गोंद लावता येतो. गोंद फसला की मात्र तो आधी पूर्ण खरवडावा लागतो, कारण इपॉक्सी एकदा कडक झालं की वितळत नाही, नुसतं करपतं. डाव्या दारापायी माझे दोन रविवार ब्लेडने खरवडण्यात गेले, आणि मग तिथेही गाळणीच बसली.

क्लिपा मात्र दोन्ही पद्धतींत नव्या घ्या. जुनी, कडक झालेली क्लिप पत्र्यातून सुटत नाही आणि सगळी ओढ दुरुस्त केलेल्या घरावरच येते.